संत्रा-नृत्याची प्राचीन परंपरा (स्थापना : जून २०२४)

"जे आमी कदी नाचलोच नाई, ते आमचं कवापासून होऊन राहिलं, भाऊ?"

हा प्रश्न शकुबाई कळंबे यांनी मला मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या एका शाळेच्या पटांगणात विचारला. परंपरा, अस्मिता आणि सीमाभाग या तीन शब्दांच्या निरनिराळ्या जुळण्या करून मी आजवर बरेच निबंध लिहिले आहेत. त्यांतल्या एकातही याचे उत्तर सापडले नाही. उत्तर देता येत नसेल तर माणसाचे चरित्र लिहावे, असा आमच्या विद्याशाखेचा जुना रिवाज आहे. तो पाळतो.

शकुबाईंचा जन्म सावरगावचा आणि लग्न पांढुर्ण्यातले. या दोन ठिकाणांच्या मधून जाम नदी वाहते. वर्षातला बराच काळ तिच्यात पाण्यापेक्षा दगड अधिक असतात, आणि हे निसर्गाने विचारपूर्वक केले असावे. कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही काठांचे लोक एकमेकांवर गोटे मारतात. संध्याकाळी हेच लोक एकमेकांना दवाखान्यात पोचवतात. या गोटमारीमागची मूळ कथा सर्वांना ठाऊक आहे आणि प्रत्येकाची वेगळी आहे. शकुबाईंचे भाऊ एका काठावर, नवरा दुसऱ्या. नवऱ्याला, म्हणजे बापूजींना, डाव्या भुवईवर एक खोल खूण आहे. ती आपल्या थोरल्या भावाच्या नेमाची असल्याचे शकुबाई अभिमानाने सांगतात. अभिमान माहेरचा की सासरचा, हे मात्र त्यांना अजून ठरवता आलेले नाही.

या मुलखातल्या माणसाला ओळखीची टंचाई कधीच नव्हती. दोन राज्यांनी मिळून त्याची सोय केली आहे : नागपूरला गेला की तो 'एमपीवाला', भोपाळला गेला की 'महाराष्ट्रीयन'. सोयरीक काटोल-नरखेडला, कचेरीचे काम छिंदवाड्याला, ऑपरेशन नागपूरला. घरी वऱ्हाडी, शाळेत हिंदी, आणि मुलांच्या भवितव्याची चर्चा मोडक्या इंग्रजीत. असा माणूस स्वतःला नेमके काय समजतो, हे विचारायला संशोधक वेळोवेळी येतात, चहा पितात आणि तो 'संक्रमणात' असल्याचे लिहून जातात. तो बसस्थानकावर उभा असतो. त्याला संक्रमणाचा पत्ता नसतो.

शकुबाईंना मात्र स्वतःबद्दल शंका नव्हती. त्या खंजिरी भजनवाल्या होत्या. सावरगावच्या देवळात त्यांचे वडील खंजिरी वाजवत, तेव्हा मुलींनी मागे बसून टाळ्या वाजवाव्यात एवढीच मुभा होती. शकुबाईंनी डालड्याच्या डब्याच्या झाकणावर हात बसवला. लग्नानंतर पांढुर्ण्यात त्यांनी बायकांचे मंडळ काढले. सासूने विरोध केला. पुढे सासूच मंडळात टाळ धरू लागली, आणि ताल चुकला की सुनेकडून सर्वांदेखत बोलणी खाऊ लागली. देवाने एका बाईला इतके समाधान क्वचितच दिले असेल.

त्यांचा स्वभाव भजनवाल्या बाईचा असावा असा आपण समजतो तसा अजिबात नव्हता. त्या भांडखोर होत्या, आवाजाचा गर्व बाळगत, आणि स्पर्धेत दुसऱ्या मंडळाचे भजन चालू असताना डोळे मिटून घेत. ते भक्तीमुळे नव्हे, हे मांडवातल्या प्रत्येकाला कळे. सर्वांत मोठी वैरीण सावरगावच्या मंडळाची कलाबाई, म्हणजे शकुबाईंच्या धाकट्या भावाची बायको. तिला खंजिरी शकुबाईंनीच शिकवली होती. दोघी समोर आल्या की वाकून एकमेकींना नमस्कार करत आणि मग एकमेकींपेक्षा वरच्या पट्टीत गात.

शकुबाईंची इच्छा एकच होती. भोपाळच्या एखाद्या मोठ्या मंचावर मंडळासह बसावे, आणि लाउडस्पीकरवरून कोणीतरी म्हणावे की हे पांढुर्ण्याचे भजन मंडळ आहे. इच्छेला इतिहास होता. सीमेपलीकडच्या एका स्पर्धेत त्यांचे मंडळ सरस ठरले, तेव्हा परीक्षकांना ऐन वेळी आठवले की बक्षीस राज्यातल्या मंडळांसाठी आहे. मग शकुबाईंना 'शेजारच्या प्रांतातून आलेल्या पाहुण्या' म्हणून शाल आणि नारळ मिळाला. पुढे त्यांनी राजधानीतल्या एका लोककला महोत्सवाकडे विचारणा केली. तिथून फोनवर अत्यंत सौजन्याने सांगण्यात आले की मराठी भजन ही शेजारच्या राज्याची संपदा आहे आणि ती आपण त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. नारळ बापूजींनी फोडला. शाल शकुबाईंनी कधीच पांघरली नाही.

मग २०२३ साल आले. पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. जिल्हा झाला की जिल्हाधिकारी येतो, फलक बदलतात, आणि काही दिवसांनी कोणाच्या तरी लक्षात येते की संस्कृती राहिली. त्याच लोककला महोत्सवाने पुढच्या उन्हाळ्यात सर्व जिल्ह्यांकडून एकेक पारंपरिक लोकनृत्य मागवले. इतर जिल्ह्यांकडे ते आधीपासून होते, किंवा त्यांनी आधीच तयार करून ठेवले होते. पांढुर्ण्याकडे काही आठवड्यांचा अवधी होता.

सौंसरला काही प्रतिष्ठित नागरिकांची बैठक झाली. निमंत्रक होते श्रीकांत पराडकर, निवृत्त प्राध्यापक, मनाने चांगले आणि सभेत फार चांगले. गोटमारीचा विचार सर्वप्रथम झाला. पण मंचावर दगड आणता येणार नाहीत आणि दगडांशिवाय तिच्यात पाहण्यासारखे फारसे उरत नाही. भजन शेजारच्या राज्याचे ठरलेलेच होते. जामसांवलीच्या हनुमानाचे नाव निघाले, पण तो विश्रांतीच्या मुद्रेत आहे आणि नृत्याला हालचाल लागते, अशी शंका एका सदस्याने काढली. कापूस इतर जिल्ह्यांतही पिकतो. राहिला संत्रा. श्रीकांत सरांनी तिथेच परिचयाची टिपणी लिहिली : 'संत्र्याचा बहर हाती येताच येथील स्त्रिया डोक्यावर टोपल्या घेऊन बागांत नाचत जातात, ही प्रथा शतकानुशतके चालत आली आहे.' संत्र्याचे झाडच या भागात येऊन किती शतके झाली, हा प्रश्न बैठकीत निघाला नाही, कारण तोवर समोसे आले होते.

नृत्य सापडले. नाचणाऱ्या स्त्रिया तेवढ्या राहिल्या. सर शकुबाईंच्या घरी आले.

त्यांनी प्रथम जिल्ह्याचा अभिमान, मग लोककलेचे महत्त्व आणि मग बसची व्यवस्था, अशा क्रमाने विषय मांडला. शकुबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"सर, संत्रा आमी बाया तोडतो कोठी? माल झाडावरच इकते. बेपारी येते, त्याची टोळी येते, गडी झाडावर चढते, कॅरेट भरते, ट्रक जाते. आमी चहा करतो."

"मंग चहाचं नृत्य करा," खाटेवरून बापूजी म्हणाले.

सर हसले नाहीत. ते म्हणाले की तिथे कोण तपासायला बसले आहे, जिल्ह्याचे नाव होऊन राहिले आहे.

"नाव भजनानं नाई होत का?"

"भजन मराठी आहे, शकुबाई."

"मंग संत्रा का हिंदी आहे?"

सरांनी चहा संपवला, कप बशीत ठेवला आणि उठताना सहज म्हणाले, "नको त राहू द्या. सावरगावच्या कलाबाईचं मंडळ तयारच आहे."

सर स्वतः पांढुर्ण्याचे. सौंसरला नोकरीमुळे स्थायिक झाले. या काठाच्या माणसाला कोणती नस कुठे असते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. एखादी वस्तू आपल्याला हवी आहे की नाही, याचा विचार इथे नंतर करतात. ती दुसऱ्या काठाला मिळता कामा नये, एवढे आधी ठरते. नदीतला झेंडा तरी काय असतो? कापडच.

शकुबाईंनी आत पाहून सुनेला हाक मारली. "प्रतिभा, टोपल्या कितीक लागतीन ते इचार सरांले."

एक अट मात्र त्यांनी घातली : नाच झाल्यावर मंडळ मंचावर बसेल आणि एक भजन म्हणेल. सर म्हणाले, "पाहू." आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही; त्यात सांगणाऱ्याला गल्लीच्या बाहेर पडायला वेळ मिळतो एवढेच.

नृत्य प्रतिभाने बसवले. ती एम.ए. असून एका शाळेत वर्षानुवर्षे तात्पुरती शिक्षिका होती, आणि तिच्या मोबाइलमध्ये भारतातील सर्व पारंपरिक नृत्ये होती. डोक्यावरच्या टोपलीचा तोल एका वाळवंटी प्रदेशातून आला, गिरकी एका किनारपट्टीवरून आणि पावले लग्नाच्या वरातीतून. गाणे ध्वनिमुद्रित होते आणि अशा हिंदीत होते की ते कुठल्याही जिल्ह्याला लागू पडावे. आयोजकांनी कळवले की साडी काष्ट्याची नको, प्रेक्षकांचा महाराष्ट्र असा गैरसमज होईल, घागरा-ओढणी ठेवा. शकुबाईंच्या मंडळात पाचवारी गोल साडीखेरीज कोणी काही नेसत नव्हते, पण स्वतःची ओळख दाखवायची तर एवढा वेशपालट करावाच लागतो. तालीम जूनमध्ये होती आणि जूनमध्ये झाडावरची संत्री लिंबाएवढी, हिरवी. म्हणून टोपल्यांत नागपूरहून आणलेले प्लॅस्टिकचे नारिंगी चेंडू भरले.

तरीही बाया कमी पडल्या. काहींचे गुडघे आड आले, काहींच्या सुना. प्रतिभाने सुचवले की सावरगावला विचारावे. शकुबाईंनी दोन दिवस बाया पुन्हा पुन्हा मोजून पाहिल्या. मग म्हणाल्या की विचार, पण मी विचारलं म्हणू नको. कलाबाई लगेच तयार झाली. भोपाळला शकुबाई एकटी जाणार आणि आपण मागे राहणार, हे तिला कोणत्याही वेशात मंजूर नव्हते. ती आपल्या तीन जणींना घेऊन पूल ओलांडून तालमीला येऊ लागली. दोघी नणंद-भावजया शेजारी उभ्या राहून, कमरेवर हात ठेवून, मोबाइलमधल्या एका अनोळखी मुलीकडे पाहत पाय शिकू लागल्या. एवढ्या वर्षांत दोघींनी एकाच बाजूने केलेली ही पहिली गोष्ट होती, आणि ती दोघींनाही येत नव्हती.

बस मुलताईच्या पुढे गेली तेव्हा शकुबाईंना औदार्य सुचले. त्यांनी कलाबाईला सुपारी दिली आणि जिंकलेल्या माणसाच्या मऊ आवाजात म्हणाल्या, "वाईट नोको मानू वं. सर तुयाच मंडळाले नेनार होते म्हने. पन शेवटी मलेच धरलं."

कलाबाईने सुपारी तोंडात ठेवली. "मले? मले त कोनी इचारलंच नाई, शकूताई. सर आमच्या काठाले आलेच कवा?"

बैतूल आले, गेले. पुढच्या आसनावर श्रीकांत सर मान टाकून शांत झोपले होते. शकुबाई त्यांच्याकडे पाहत स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाल्या.

"म्हंजे त्या काठावर कोनी नव्हतंच. मी एकटीच गोटे मारून राहिली होती."

कलाबाई हसायला लागली, ती ठसका लागेपर्यंत. शकुबाई हसल्या नाहीत. मग कलाबाईने डोळे पुसले आणि विचारले की आता काय, परत जायचे का?

"परत काऊन? नाचतो," शकुबाई म्हणाल्या. "आन् मंग बसतो."

मंचामागे उतरल्यावर त्यांनी आपल्या टोपलीतले निम्मे चेंडू काढून प्रतिभाच्या हाती दिले आणि त्या जागी खंजिरी ठेवली. वर उरलेले चेंडू पसरले. कलाबाईची खंजिरी तिच्या टोपलीत आधीपासूनच होती. ती सावरगावहून निघतानाच तिने ठेवली होती. का, ते कोणी विचारले नाही.

निवेदकाने 'पांढुर्णा की ग्राम-बालाएँ' अशी घोषणा केली. बालांपैकी सर्वांत लहान बालेला नातू होता. मंडळाचे नाव घेतले गेले नाही, कारण नृत्य लोकांचे असते आणि लोकांना नाव नसते. बाया नाचल्या, आणि चांगल्या नाचल्या. शकुबाई स्पर्धेच्या बाई होत्या, मंचावर उभे राहून वाईट काही करणे त्यांच्या रक्तात नव्हते. ध्वनिमुद्रण संपले. निवेदक पुढच्या जिल्ह्याचे नाव घेण्यासाठी ध्वनिक्षेपकाकडे निघाला. तेवढ्यात शकुबाई मंचाच्या मधोमध मांडी घालून बसल्या.

मग कलाबाई बसली. मग सगळ्या बसल्या, जशा मांडवात बसतात तशा, अर्धवर्तुळात, म्होरक्या मध्ये. चेंडू मंचभर गडगडले. शकुबाईंनी खंजिरीवर थाप दिली आणि भजन धरले. दुसरी ओळ कलाबाईने घेतली आणि या खेपेला वरच्या पट्टीत गेली नाही. बायांसमोर ध्वनिक्षेपक नव्हता. पहिल्या काही रांगांना शब्द कळले असावेत. मागे केवळ गुणगुण पोचली. प्रेक्षक टाळ्यांनी ताल देऊ लागले. एक कडवे झाले, दुसरे सुरू झाले आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या माणसाने, कोणाच्या तरी खुणेवरून, दिवे मालवले. अंधारात भजन आणखी काही ओळी चालले. मग पडद्यामागून कोणीतरी येऊन बायांना हाताला धरून उठवले.

बंडाची कथा इथे संपायला हवी, आणि एखाद्या कमी प्रगत समाजात ती संपलीही असती. आपल्याकडे बंडाची दखल घेतली जाते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले की पांढुर्ण्याच्या संत्रा-नृत्याचा शेवट विशेष हृद्य होता. आयोजकांनी सरांचे अभिनंदन केले. परतीच्या बसमध्ये बायांशी एक शब्द न बोललेल्या सरांनी सौंसरला पोचताच परिचयाच्या टिपणीत नवे वाक्य घातले : 'अंतिम चरणात श्रमाने थकलेल्या स्त्रिया जमिनीवर बसून अस्फुट गुणगुणतात व टोपलीच्या तळावर बोटांनी ताल धरतात, ही या नृत्याची प्राचीन खूण होय.' खंजिरीची टोपली झाली, भजनाची गुणगुण झाली. इतक्या कमी श्रमांत इतका पुरावा नाहीसा करणे हे पद्धतशीर विद्याभ्यासाशिवाय जमत नाही.

त्यानंतर पांढुर्ण्यात संत्रा-नृत्याला मागणी आली. पाहुणे आले, दुकानांची उद्घाटने झाली, एका लग्नात वराच्या स्वागताला नृत्य ठेवले गेले. शकुबाईंच्या मंडळाकडेही लोक आले. भजनासाठी नव्हे, टोपल्यांसाठी. शकुबाईंनी प्रत्येकाला चहा दिला आणि नाही म्हटले. मग लोक प्रतिभाकडे जाऊ लागले. प्रतिभाचे तात्पुरतेपण अखेर संपले; शाळेने तिला लोकनृत्याची शिक्षिका म्हणून कायम केले. एम.ए.ने जे केले नाही ते प्लॅस्टिकच्या चेंडूंनी केले. शकुबाई याविषयी एकदाही वावगे बोलल्या नाहीत. "सुनेचं बस्तान बसलं," एवढेच त्या शेजारणींना सांगत, आणि ते मनापासून सांगत. माणसाला काय व्हायचे आहे याची चौकशी संधी कधी करत नाही. ती तिच्या मापाचा घागरा घेऊन येते.

२०२५च्या प्रजासत्ताक दिनाला शाळेत ते नृत्य झाले. पहिल्या रांगेत शकुबाईंची नात चंचल होती, सहावीतली. आदल्या आठवड्यात ती घरी सराव करत होती, तेव्हा शकुबाईंनी हौसेने एक पाऊल टाकून दाखवले होते. नात थांबली आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "आजी, तू चुकून राहिली. आधी डावा. पारंपरिक आहे ते, बदलता नाई येत."

पटांगणात निवेदक मुलाने टिपणी वाचली, 'शतकानुशतके'सह. मुली नाचल्या. शेवटी सगळ्या एकदम खाली बसल्या, टोपल्या पालथ्या घातल्या, त्यांच्या तळांवर बोटे आपटली आणि ओठ मिटून गुणगुणल्या. शब्द नव्हते, कारण शब्द टिपणीत नव्हते. चाल मात्र तीच होती. थोडी घसरलेली, पण तीच. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या शकुबाईंचा हात मांडीवर हलला आणि थांबला. तेव्हा त्यांनी मला तो प्रश्न विचारला. मी म्हणालो की हा फार गुंतागुंतीचा विषय आहे. "असंन," त्या म्हणाल्या, आणि नातीसाठी टाळ्या वाजवू लागल्या.

१२ एप्रिल २०२५ रोजी, हनुमान जयंतीला, शकुबाई कळंबे आणि त्यांची भावजय कलाबाई जामसांवलीच्या मांडवात, टोपल्यांशिवाय प्रथमच, एका मंडळात बसून भजन म्हणाल्या.